तेराव्या वर्षी व्याकरणाला सुरुवात: घरी शिकणाऱ्या मुलासाठी अभ्यासक्रम कसा निवडायचा

घरी शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांशी बोलताना एक गोष्ट वारंवार कानावर येते. मूल बारा-तेरा वर्षांचं झालेलं असतं. भरपूर वाचतं, गोष्टी रंगवून सांगतं, मोठ्यांशी वाद घालतं. पण नाम कशाला म्हणायचं आणि विशेषण कशाला, हे त्याला कधी शिकवायचं राहूनच गेलेलं असतं. मग एक दिवस कुणीतरी विचारतं, "अजून व्याकरण सुरू केलं नाही?" आणि आईच्या पोटात गोळा येतो. त्या धास्तीत जे पहिलं पुस्तक हाताला लागेल ते घरात येतं.

आमच्याकडेही हेच झालं. मुलगी १३ वर्षांची होती. मला वाटलं, राहिलेल्या इयत्ता भरून काढायला हव्यात, म्हणून मी लहान मुलांच्या पुस्तकांचा अख्खा संच आणला. पहिल्या पानावर चेंडू, फुगा आणि बाहुली यांची चित्रं होती, खाली "चित्र पाहा व नाम लिहा" असं. ती त्या वर्षी जाडजूड कादंबऱ्या वाचत होती. तिनं तीन पानं निमूटपणे सोडवली आणि मग वही उघडायलाच तयार होईना. त्या संचात आमचे चार महिने गेले. तिला व्याकरण नको होतं अशातला भाग नव्हता, तिला तो अपमान वाटत होता. हे समजायला मला उशीर लागला.

म्हणून आधीच सांगते. मोठ्या वयात व्याकरण सुरू करणारं मूल मागे पडलेलं नसतं. आपल्या भाषेचं व्याकरण त्याच्या कानात आणि जिभेवर केव्हाच बसलेलं असतं. त्याच्याकडे नसतात ती फक्त नावं, आणि लिहिताना लागणारे काही नियम. सहा-सात वर्षांचा क्रमिक अभ्यासक्रम त्याला लागत नाही. एक नेटका, वर्षभरात संपणारा, विचार करायला लावणारा अभ्यासक्रम पुरतो. दिवसाला २० मिनिटं, आठवड्याचे ४ दिवस, असे ३० आठवडे धरले तर एकूण ४० तास होतात. नीट निवडलेलं पुस्तक असेल तर तेवढ्यात पाया पक्का होतो.

पहिली पायरी: पुस्तक शोधण्याआधी मुलाचं एक पान वाचा

मुलाला अर्धं पान लिहायला सांगा. विषय त्याच्या आवडीचा असू द्या, वेळेचं बंधन नको, आणि हे तपासलं जाणार आहे असंही सांगू नका. मग ते पान घेऊन एकटे बसा. माझ्या मुलीनं लिहिलेल्या पानातला हा तुकडा, जसाच्या तसा:

"काल आम्ही टेकडीवर गेलो तिथे खुप वारा होता माझी टोपी उडाली आणी फूलांच्या ताटव्यात पडली बाबांनी ती काठीने काढली"

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला नुसत्या चुकाच दिसल्या. दुसऱ्यांदा वाचताना मी तीन ढीग केले, तसे तुम्हीही करा.

पहिला ढीग विरामचिन्हांचा. चार वाक्यं आहेत आणि एकही पूर्णविराम नाही. वाक्य कुठे संपतं हे तिला ऐकू येतं, कारण मोठ्यानं वाचताना ती बरोबर थांबते. कागदावर ते उतरत नाही.

दुसरा ढीग ऱ्हस्व-दीर्घाचा. खुप, आणी, फूलांच्या. तिन्ही चुका, पण प्रत्येकीमागचा नियम वेगळा. "खूप" हा अकारान्त, म्हणजे शेवटी "अ" असलेला शब्द, म्हणून शेवटून दुसऱ्या अक्षराचा उकार दीर्घ. "फूल" दीर्घ, पण प्रत्यय लागताना "फुलांच्या" असं ऱ्हस्व होतं. शब्दाच्या शेवटचा इकार मराठीत एरवी दीर्घ लिहितात, मात्र "आणि" आणि "नि" हे ठरलेले अपवाद. म्हणजे या मुलाला "शुद्धलेखन सुधार" असं म्हणून काही उपयोग नाही, तीन छोटे नियम हवेत.

तिसरा ढीग वाक्यरचनेचा, म्हणजे लिंग-वचनाचा मेळ, विभक्ती, प्रयोग यांचा. तो ढीग रिकामा होता. "बाबांनी ती काढली" या वाक्यात बाबा पुरुष, तरी क्रियापद टोपीच्या मागे जाऊन स्त्रीलिंगी झालं आहे. कर्मणी प्रयोगाचं नावही न ऐकलेल्या मुलीनं तो अचूक वापरला होता.

तुमच्या मुलाचे ढीग वेगळे निघतील. घरात दोन भाषा चालत असतील, किंवा मूल सगळं वाचन इंग्रजीतच करत असेल, तर तिसरा ढीगच मोठा असू शकतो: "माझा पुस्तक", "मी पाणी पिलो" अशा चुका. अशा मुलाला नावं शिकवण्याआधी भरपूर ऐकवणं, वाचून दाखवणं आणि बोलणं लागतं, कारण ज्या नियमाचं नाव शिकायचं तो नियमच अजून कानात नाही. कुठला ढीग मोठा आहे त्यावर पुस्तकाची निवड ठरते. म्हणून हे पान तारीख घालून जपून ठेवा. पुढे लागणार आहे.

दुसरी पायरी: कशासाठी, आणि कुठल्या भाषेपासून

हेतू ठरवायला फार वेळ लागू नये. पुढे बाहेरून परीक्षा द्यायची असेल तर त्या परीक्षेचा अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका आधी मिळवा आणि पुस्तकाच्या अनुक्रमणिकेशी ताडून बघा. तसं काही डोळ्यांसमोर नसेल तर हेतू एकच: मुलाला स्वतःचं म्हणणं स्वच्छ लिहिता यावं आणि दुसरी भाषा शिकताना हाताशी काही शब्द असावेत.

भाषेच्या बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे. मूल ज्या भाषेत स्वप्नं बघतं त्या भाषेचं व्याकरण आधी. कर्ता, कर्म, क्रियापद या कल्पना मराठीत एकदा कळल्या की इंग्रजीत त्या पुन्हा शिकाव्या लागत नाहीत, फक्त जागा बदलतात: आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, इंग्रजीचं मध्ये, आपला "वर" "टेबल" या शब्दानंतर येतो, इंग्रजीचा "ऑन" त्याच्या आधी. दोन्ही भाषांचं व्याकरण एकाच महिन्यात सुरू करणं टाळा. मध्ये तीन-चार महिन्यांचं अंतर असू द्या.

इंग्रजीचं पुस्तक निवडताना एक खाचखळगा लक्षात ठेवा. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी म्हणून जे इंग्रजी अभ्यासक्रम नावाजले जातात त्यांतले पुष्कळसे इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी लिहिलेले आहेत. त्यांत "कानाला काय बरोबर वाटतं ते निवडा" अशा धर्तीचे प्रश्न असतात. आपल्या मुलाच्या कानाला "ही डिड नॉट वेंट" हेही बरोबरच वाटू शकतं. शिवाय "अ", "ॲन", "द" कुठे घालायचे यावर त्या पुस्तकांत फारसा भर नसतो, कारण त्या मुलांना ते उपजत येतं. मराठीत असे शब्दच नाहीत, त्यामुळे आपल्या मुलांची खरी अडचण तिथेच असते. इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्यांसाठी लिहिलेलं पुस्तक घ्या, मग त्याचं नाव कुणी ऐकलेलं नसलं तरी चालेल.

तिसरी पायरी: अभ्यासक्रमांच्या जाती ओळखा

बाजारात नावं पुष्कळ असली तरी मांडणीच्या तऱ्हा चार-पाचच आहेत.

एक तऱ्हा चक्राकार. प्रत्येक वर्षी नाम, सर्वनाम, विशेषण यांपासून सुरुवात, दर वर्षी थोडी भर. लहान वयात ही पद्धत उत्तम. उशिरा सुरुवात करणाऱ्यानं मात्र अख्खी मालिका घेऊ नये. अशा मालिकांच्या वरच्या पुस्तकांत बहुधा सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलेलं असतं. म्हणून वरच्या पुस्तकाची अनुक्रमणिका बघा. पहिल्या तीन प्रकरणांत शब्दांच्या जाती मुळापासून असतील तर थेट तेच पुस्तक घ्यायला हरकत नाही.

दुसरी तऱ्हा एकेक घटक पुरा करत जाणारी. मोठ्या मुलांना हीच जास्त रुचते, कारण प्रगती दिसते. तिची उणीव अशी की मार्चमध्ये शिकलेली विशेषणं जूनपर्यंत पुसली जातात. म्हणून अशा पुस्तकात प्रत्येक धड्याच्या शेवटी मागच्या धड्यांचे चार-पाच मिश्र प्रश्न आहेत का ते बघा. नसतील तर ते तुम्हाला तयार करावे लागतील, आणि तेवढा वेळ आपल्याकडे असणार आहे का हे स्वतःला विचारा.

तिसरी तऱ्हा पृथक्करणाची, आणि माझा कल तिच्याकडे आहे. आपल्याकडे जुने शिक्षक "या वाक्यातल्या शब्दांचं व्याकरण चालवा" असं म्हणायचे: शब्द घ्यायचा, त्याची जात, लिंग, वचन, विभक्ती आणि वाक्यातलं काम सांगायचं. वाक्यपृथक्करणात उद्देश्य, उद्देश्यविस्तार, कर्म, विधानपूरक, विधेयविस्तार, विधेय असे रकाने पाडून वाक्य उलगडायचं. इंग्रजीत हेच काम रेघांच्या आकृतीनं करतात. अलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग यांनी १८७७ साली ती पद्धत मांडली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला यंत्र उघडून आत काय आहे ते बघायचं असतं, आणि पृथक्करण ही भूक बरोबर भागवतं. दहा वर्षांच्या मुलाला ते जड जातं, चौदाव्या वर्षी तेच कोडं सोडवल्यासारखं वाटतं. उशिरा सुरुवात करण्याचा हा एक खरा फायदा आहे.

उरलेल्या दोन तऱ्हा थोडक्यात. उताऱ्यावर आधारलेले अभ्यासक्रम वाचणाऱ्या मुलांना आवडतात, पण त्यांत क्रम विस्कळीत असतो. मुख्य पुस्तक म्हणून घेऊ नका, जोड म्हणून घ्या. चित्रफितींचे अभ्यासक्रम आईवडिलांचा वेळ वाचवतात, पण बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि वहीत काहीच उमटत नाही. प्रत्येक चित्रफितीमागे लेखी सराव नसेल तर पैसे घालू नका.

चौथी पायरी: पुस्तक मधूनच उघडा

पुस्तकाची पारख पहिल्या पानावर होत नाही. पहिली पानं सगळ्यांचीच सोपी असतात. मराठी व्याकरणाचं पुस्तक असेल तर सरळ प्रयोगाचं प्रकरण उघडा. पुस्तक पाठ करायला लावतं की समजावतं, हे तिथे कळतं.

पाठ करायला लावणारं पुस्तक म्हणेल: कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलते तेव्हा कर्तरी प्रयोग होतो. खाली एक उदाहरण आणि मग लगेच वीस वाक्यं, "प्रयोग ओळखा". समजावणारं पुस्तक मुलाच्या हातात वाक्यं देईल आणि बदलून बघायला सांगेल. साधारण असं:

मुलगा चित्र काढतो. मुलगी चित्र काढते.
मुलाने चित्र काढलं. मुलीने चित्र काढलं. मुलाने रेघ काढली.
मुलाने मांजराला पकडलं. मुलीने मांजरीला पकडलं.

पहिल्या ओळीत काढणारा बदलला की क्रियापद बदललं. दुसऱ्या ओळीत काढणारा बदलूनही ते ढिम्म राहिलं, पण चित्राऐवजी रेघ आल्याबरोबर हललं. तिसऱ्या ओळीत कुणीही बदला, ते जागचं हलत नाही. मुलानं हे स्वतः पाहिलं की कर्तरी, कर्मणी, भावे ही नावं नंतर सांगितली तरी चालतात, आणि मग ती विसरत नाहीत. माझी मुलगी दुसऱ्या ओळीपाशी थांबली आणि म्हणाली, "म्हणजे क्रियापद कुणाचं ऐकतं ते शोधायचं?" तिच्या वहीत कर्मणी प्रयोगाची व्याख्या आजही याच शब्दांत आहे.

त्यानंतर शब्दांच्या जातींचं प्रकरण बघा. तिथे "मागे" किंवा "वर" सारखा शब्द कसा हाताळला आहे? "तो मागे राहिला" यात "मागे" क्रियाविशेषण अव्यय आहे, "घरामागे विहीर आहे" यात तोच शब्द शब्दयोगी अव्यय झाला. "चांगला खेळाडू" आणि "तो चांगला खेळतो" यांचंही तसंच. शब्दाची जात वाक्यातल्या कामावरून ठरते, हे पुस्तकात ठसठशीतपणे सांगितलेलं हवं. नुसत्या शब्दांच्या याद्या देऊन "हे विशेषण, हे क्रियाविशेषण" असं सांगणारं पुस्तक मोठ्या मुलापुढे टिकत नाही; ते पहिल्याच आठवड्यात अपवाद काढून आणतं.

विभक्तीचा तक्ता हा तिसरा थांबा. द्वितीया आणि चतुर्थी या दोन्हींत "स, ला, ते" हेच प्रत्यय दिसतात. लहान मूल ते पाठ करून मोकळं होतं. मोठं मूल विचारणारच: प्रत्यय तेच असताना घरं दोन कशाला? या प्रश्नाला पुस्तकात उत्तर असावं. "त्याने मुलाला उचललं" यात उचलण्याची क्रिया मुलावरच होते. "त्याने मुलाला पुस्तक दिलं" यात दिलं जातं ते पुस्तक, मुलगा घेणारा आहे. प्रत्यय एक, नातं वेगळं. आणि तक्ता असा का, याचंही उत्तर मुलाला द्यावं: मराठी व्याकरणाची मांडणी अर्धी संस्कृतच्या धर्तीवर झाली, आठ विभक्ती तिथून आल्या, शब्दांच्या आठ जातींची विभागणी इंग्रजी व्याकरणाच्या वळणाची आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झालं, तेव्हापासून जाणकार या मांडणीवर वाद घालत आले आहेत. हे ऐकल्यावर मुलाला वाटतं, आपली शंका खुळी नव्हती. माझ्या मते अभ्यासक्रमाच्या यशात याचा वाटा मोठा आहे.

शुद्धलेखनाची तपासणी वेगळी करावी लागते. घरात आजोबांच्या वेळचं चांगलं व्याकरण असेल तर ते वापरायचा मोह होतो. आधी दोन पानं चाळा. "कां", "नाहीं", "जेथें" असे न उच्चारले जाणारे अनुस्वार दिसले तर ते लेखन १९६२ च्या आधीच्या वळणाचं आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनानं १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. आज आपण लिहितो ते या १८ नियमांप्रमाणे. जुनं पुस्तक टाकून देऊ नका. मोरो केशव दामले यांचं १९११ सालचं "शास्त्रीय मराठी व्याकरण" आजही मोठ्यांनी शंका निरसनासाठी जवळ ठेवावं असं आहे. मात्र मुलाच्या हातात शुद्धलेखनासाठी नव्या नियमांचंच पुस्तक हवं. त्यात तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांचा अपवाद सांगितला आहे ना ते पाहा: "गरीब" चं "गरिबाला" होतं, पण "शरीर" चं "शरीराला" च राहतं. "केले" लिहायचं की "केलं", हाही प्रश्न मुलं विचारतात. औपचारिक लेखनात पहिलं, बोलण्याच्या ढंगात दुसरं, आणि एका लेखनात एकच वळण, इतकं स्पष्ट उत्तर पुस्तकात असलं की पुरे.

शेवटचं, पुस्तकातली उत्तरसूची. आपण शाळेत शिकलेलं व्याकरण बहुतेकांना आठवत नाही आणि त्यात कमीपणा काही नाही. म्हणून नुसती उत्तरं नकोत, कारणं हवीत. "मला भूक लागली" या वाक्यात कर्ता कोण? मूल "मी" म्हणेल. उत्तरात फक्त "भूक" असं छापलं असेल तर घरात अर्धा तास वाद. "लागली हे क्रियापद भुकेच्या लिंगाप्रमाणे स्त्रीलिंगी आहे, म्हणून कर्ता भूक" एवढी ओळ असेल तर वाद मिटतो आणि मूल काही शिकतं.

पाचवी पायरी: लेखनाशी सांधा आहे का

व्याकरण आलं की लेखन आपोआप सुधारतं, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनशिक्षणावरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. अभ्यास इंग्रजी लेखनाचे होते, पण मुद्दा आपल्यालाही लागू पडतो. सुटं, पारंपरिक व्याकरण शिकवण्याचा लेखनाच्या दर्जावर परिणाम उणे ०.३२ निघाला, म्हणजे फायदा नाहीच. उलट वाक्यं जोडण्याच्या सरावाचा परिणाम ०.५० निघाला. शून्याच्या वर जितकं अधिक, तितका लाभ.

वाक्यं जोडणं म्हणजे काय? मुलाला तीन सुटी वाक्यं द्यायची: पाऊस थांबला. मुलं अंगणात आली. अंगण ओलं होतं. आणि म्हणायचं, यांचं एक वाक्य कर. पहिल्या दिवशी बहुधा असं येतं: "पाऊस थांबला आणि मुलं ओल्या अंगणात आली." छान. हे संयुक्त वाक्य. आता "आणि" न वापरता? "पाऊस थांबल्यावर मुलं ओल्या अंगणात आली." हे केवल वाक्य झालं, कारण मुख्य क्रियापद एकच उरलं. अजून एक? "जेव्हा पाऊस थांबला, तेव्हा मुलं ओल्या अंगणात आली." हे मिश्र. तिन्ही प्रकार मुलानं स्वतः घडवले. त्यानंतर विचारा, यातलं कुठलं कानाला बरं वाटतं? इथे व्याकरण आणि लेखन एक होतात. शिवाय "ओलं अंगण" चं "ओल्या अंगणात" कसं झालं, हे विचारलं की विशेषणाचं सामान्यरूपही हाती लागतं.

तुम्ही बघत असलेल्या अभ्यासक्रमात असा सराव असेल तर त्याला झुकतं माप द्या. नसेल आणि बाकी सगळं चांगलं असेल, तर आठवड्यातून एक दिवस पुस्तक बंद ठेवून हाच सराव घ्या. मुलाच्याच जुन्या लेखनातली सुटी वाक्यं घेतली तर उत्तम.

सहावी पायरी: दोन आठवडे चालवून बघा

निवड दोन पुस्तकांवर आली की दोन्हींतला एकच घटक मुलासमोर ठेवा. सामान्यरूपाचा घटक यासाठी चांगला: घोडा-घोड्याला, शाळा-शाळेत, झाड-झाडाखाली. नमुना पानं मिळत असतील तर ती घ्या, किंवा पुस्तक कुणाकडून चार दिवस मागून आणा. पहिल्या आठवड्यात एक, दुसऱ्यात दुसरं.

या दिवसांत गुण मोजू नका. तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. धडा वाचून मूल तो तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगू शकतं का. सरावाची दहा वाक्यं सोडवताना त्याला पाचव्या-सहाव्या वाक्यापाशी कंटाळा येतो की शेवटच्या दोन-तीनांत. एकाच साच्याची वीस वाक्यं असतील तर अर्धी गाळायला काही हरकत नाही. आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची: शिकलेली गोष्ट ते पुस्तकाबाहेर कुठे बघतं का. आमच्याकडे दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या दिवशी मुलगी सहज म्हणाली, "आजी आल्या म्हणतो आपण, पण आजी तर एकच आहे." आदरार्थी बहुवचन अजून शिकायचं होतं. तिनं ते आपलं आपणच गाठलं. मग पुस्तक ठरवायला आम्हाला फार विचार करावा लागला नाही.

पुस्तक निवडताना मुलाचं मत घ्या, पण चित्रं आणि रंग यांवर नाही, समजावण्याच्या ढंगावर. "कुठल्या पुस्तकानं तुला नीट समजलं?" असा प्रश्न विचारा. या वयाची मुलं याचं प्रामाणिक उत्तर देतात.

सातवी पायरी: क्रम आपला, पुस्तक मदतीला

पुस्तकातला क्रम पवित्र मानू नका. बहुतेक मराठी पुस्तकं वर्णविचारापासून सुरू होतात, मग संधी, मग शब्द, आणि वाक्य अगदी शेवटी. पहिल्याच महिन्यात संधीचे नियम आले की मूल गळपटतं. मी क्रम उलटा केला आणि तो लाभला.

पहिले दोन आठवडे फक्त वाक्य: कुठे सुरू होतं, कुठे संपतं, कुणाबद्दल बोलतो आणि काय बोलतो. विरामचिन्हं इथेच, कारण त्यांचा उपयोग त्याच दिवशी दिसतो. मग क्रियापद. नामाआधी क्रियापद घ्यायचं कारण असं की मराठीचं क्रियापद फार बोलकं आहे. "आल्या" एवढा एकच शब्द घ्या: स्त्रिया, एकाहून जास्त किंवा आदराच्या, आणि काम झालेलं. इतकं एका शब्दात कळतं हे मुलाला दाखवलं की त्याचा चेहरा बदलतो. त्यानंतर नाम, लिंग, वचन. मग सर्वनाम आणि विशेषण. मग सामान्यरूप आणि विभक्ती, ज्याला निवांत पाच-सहा आठवडे द्या. चार प्रकारची अव्ययं, नंतर प्रयोग, नंतर वाक्यांचे प्रकार आणि पृथक्करण. संधी आणि समास शेवटी. वृत्तं-अलंकार या वर्षी नाही घेतले तरी काही बिघडत नाही, परीक्षा असेल तरच घ्या.

शुद्धलेखनाला वेगळं प्रकरण करू नका. आठवड्याला एक नियम, तोही मुलाच्या स्वतःच्या लेखनात जी चूक वारंवार होते तिचाच. वहीच्या मागच्या पानावर नियम आणि खाली त्याचेच शब्द: खूप, फूल-फुलाला, वकील-वकिलाला.

तपासण्याबद्दल एक कळकळीची विनंती. मुलानं मनापासून लिहिलेल्या गोष्टीवर लाल रेघा मारू नका. त्या आठवड्यात जो नियम शिकवला तेवढ्याच चुका दाखवा, बाकीच्या आपल्या वहीत टिपून ठेवा. आणि चूक दाखवताना उत्तर देऊ नका. ओळीच्या बाजूच्या कोऱ्या जागेत एक टिंब द्या, म्हणजे या ओळीत काहीतरी आहे. शोधण्याचं काम त्याचं.

निवड चुकली असं वाटलं तर

सहा आठवडे द्या. पहिल्या आठवड्यातला कंटाळा बहुधा सवयीचा असतो, पुस्तकाचा नव्हे. सहाव्या आठवड्यानंतरही मूल धडा स्वतःच्या शब्दांत सांगू शकत नसेल, रोज २० मिनिटांची ४० मिनिटं होत असतील, किंवा उत्तरं बरोबर येऊनही लेखनात काहीच उतरत नसेल, तर पुस्तक बदला. पण पुन्हा पहिल्या धड्यापासून नको. नव्या पुस्तकात जिथवर आला आहात त्याच्या पुढचा धडा उघडा. मागचं मिश्र प्रश्नांतून येत राहील. पैसे गेल्याची चुटपुट लागते हे मला माहीत आहे. तो संच बाजूला ठेवताना मलाही लागली होती.

पंधराव्या आठवड्याच्या सुमारास ते पहिलं, तारीख घातलेलं पान काढा आणि मुलाच्याच हातात द्या, एक पेन्सिल देऊन. काही बोलू नका. माझ्या मुलीनं टेकडीचं ते पान घेतलं, चार पूर्णविराम घातले, "फूलांच्या" खाली रेघ मारली, "आणी" चा इकार ऱ्हस्व केला. मग थोडा वेळ पेन्सिल तशीच धरून बसली आणि "माझी टोपी उडाली" च्या आधी एक नवं वाक्य लिहिलं, कारण वारा किती होता हे तिला नीट सांगायचं होतं.